चार्लस ब्रॅडलॉ : नाकारणाऱ्याचा विश्वास

नास्तिकपणा हा स्वतः एक विश्वास आहे, कीं दुसऱ्यांच्या विश्वासाची ती नुसती सावली आहे, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील शिकलेले तरुण कधीं कधीं विचारतात. त्याचें उत्तर कोरड्या वादानें देण्यापेक्षां एका प्रसिद्ध नास्तिकाच्या चरित्रावरून शोधावें हें आम्हांस बरें वाटतें.

चार्लस ब्रॅडलॉ ह्यांचा जन्म लंडन शहराच्या हॉक्सटन भागांत ता. २६ सप्टेंबर १८३३ रोजीं झाला. वडील एका वकिलाच्या कचेरींत कारकून होते. गरिबीमुळें अकराव्या वर्षीं शाळा सुटली. पण शब्बाथशाळेंत मुलगा इतका हुशार निघाला कीं, लवकरच तो तेथें शिक्षक झाला. बिशपसाहेब दृढीकरणाच्या विधीसाठीं येणार होते, म्हणून पाळक पॅकर ह्यांनीं त्यास तयारी करावयास सांगितलें. त्यानें इंग्लंडच्या मंडळीचीं एकोणचाळीस मतकलमें व चारही शुभवर्तमानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं. कांहीं ठिकाणीं मेळ बसेना. तेव्हां पाळकांस पत्र लिहून त्यानें उलगडा करण्याची विनंती केली. उलगडा तर झाला नाहींच. उलट मुलगा नास्तिक मतांकडे वळल्याचें पाळकांनीं वडिलांस कळविलें, आणि तीन महिने त्यास शब्बाथशाळेंतून दूर केलें.

वास्तविक तो त्या वेळीं नास्तिक नव्हता. रिकाम्या रविवारीं तो बॉनर्स फील्ड्स नांवाच्या मैदानावरील वादविवाद ऐकावयास जाऊं लागला, आणि प्रथम तर ख्रिस्ती पक्षाच्याच बाजूनें बोलला. परंतु ज्याच्या शंकेस घरांत जागा नाहीं, त्याची शंका बाहेर वाढते. पुढें मत बदलण्यासाठीं त्यास तीन दिवसांची मुदत देण्यांत आली. न बदलल्यास नोकरी व घर दोन्ही जाणार असें त्यास समजलें. सुमारें सोळा वर्षांच्या त्या मुलानें घर सोडलें. हें वाचून कोणाही पाळकाचें मन कष्टी झाल्यावांचून राहणार नाहीं.

१८५० सालीं तो फौजेंत भरती झाला, आयर्लंडांत राहिला, आणि १८५३ सालीं सुटून वकिलाच्या कचेरींत कारकून झाला. फावल्या वेळांत ते व्याख्यानें देऊं लागले. त्यासाठीं त्यांनीं मूर्तिभंजक अशा अर्थाचें टोपणनांव घेतलें होतें. आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर ह्या एका नांवांत आहे, कारण मूर्ति नसेल तर मूर्तिभंजक कशाचा? १८६० पासून नॅशनल रिफॉर्मर हें पत्र, आणि १८६६ सालीं स्थापिलेली नॅशनल सेक्युलर सोसायटी, ह्यांच्या द्वारें त्यांचें नांव इंग्लंडभर झालें.

त्यांच्या मित्रमंडळींतही ह्या बाबतींत एकमत नव्हतें. सेक्युलरिझम हा शब्द ज्यांनीं १८५१ सालीं प्रचारांत आणिला, त्या जॉर्ज होलिओक ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, मनुष्यानें ह्या लोकींच्या कल्याणाचें काम करावें. त्यासाठीं देव नाकारण्याची गरज नाहीं. ब्रॅडलॉसाहेबांस वाटे कीं, धर्माशीं झुंजल्यावांचून तें काम होणारच नाहीं. १८७० सालीं ह्या दोघांचा जाहीर वाद झाला. म्हणजे नास्तिक मत धर्मावर अवलंबून आहे काय, हा प्रश्न खुद्द त्यांच्याच घरांत होता.

देव नाहीं असें सिद्ध करून दाखविण्याचा दावा ब्रॅडलॉसाहेब करीत नसत. देव ह्या शब्दाचा स्पष्ट अर्थ कळल्याशिवाय त्याविषयीं हो किंवा नाहीं म्हणतां येत नाहीं. पण अमुक एका वर्णनाचा देव पुढें ठेविला, तर तो नाकारतां येतो, अशी त्यांची रीत होती. ह्यावरून दिसतें कीं, नकाराचा आकार ज्याला नाकारावयाचें त्यावरून ठरतो. रोमी लोक आपल्या देवांस न भजणाऱ्या आमच्या पूर्वीच्या हुतात्म्यांस नास्तिक म्हणत; पॉलिकार्प ह्यांच्या मृत्यूच्या वेळीं जमावाची तीच ओरड होती. आपल्या देशांतही मनुस्मृति वेदनिंदकास नास्तिक म्हणते. नास्तिक हें नांव बहुधा दुसऱ्यानें दिलेलें असतें.

परंतु नांव परावलंबी असलें, तरी त्यामागील निष्ठा परावलंबी असतेच असें नाहीं. १८८० सालीं नॉर्दम्प्टनच्या मतदारांनीं ब्रॅडलॉसाहेबांस पार्लमेंटांत निवडून दिलें. सभासदानें देवास स्मरून शपथ घ्यावी असा नियम होता. शपथ वाहूं नये ही प्रभूची आज्ञा अक्षरशः पाळणारे क्वेकर पंथाचे जोसेफ पीज ह्यांस १८३३ सालींच शपथेऐवजीं गंभीर प्रतिज्ञा करूं दिली होती. तीच सवलत ब्रॅडलॉसाहेबांनीं मागितली. ती मिळाली नाहीं. मग ते शपथेस तयार झाले, तर तिच्या शब्दांस ते अर्थ देत नाहींत म्हणून तीही घेऊं देईनात. ता. २३ जून १८८० रोजीं त्यांस पार्लमेंटाच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत कैदेंत टाकिलें; दुसऱ्या दिवशीं सोडिलें. ता. ३ ऑगस्ट १८८१ रोजीं पोलीस व शिपाई ह्यांनीं त्यांस ओढून बाहेर काढिलें. नॉर्दम्प्टनकरांनीं मात्र १८८१, १८८२, १८८४ व १८८५ सालीं त्यांसच पुन्हां निवडिलें.

मुख्य प्रधान ग्लॅडस्टन हे मोठे भाविक ख्रिस्ती गृहस्थ. तथापि १८८३ सालीं प्रतिज्ञेच्या बिलाचा कैवार त्यांनींच घेतला. कोणता तरी देव मानतों एवढें म्हणणाऱ्यास आंत घेणें व उघडपणें नाहीं म्हणणाऱ्यास दाराबाहेर ठेवणें, ह्यानें ख्रिस्ती धर्माचें रक्षण होत नाहीं, असें त्यांचें मत होतें. तें बिल अवघ्या ३ मतांनीं पडलें. शेवटीं जानेवारी १८८६ मध्यें स्पीकर पील ह्यांनीं कोणाची हरकत न ऐकतां शपथ घेऊं दिली. आणि १८८८ सालीं ब्रॅडलॉसाहेबांच्याच खटपटीनें प्रतिज्ञेचा कायदा झाला.

पार्लमेंटांत त्यांनीं हिंदुस्थानच्या प्रश्नांचा इतका पाठपुरावा केला कीं, लोक त्यांस हिंदुस्थानचे सभासद म्हणूं लागले. १८८९ सालच्या डिसेंबरांत, मोठ्या दुखण्यांतून उठून, ते मुंबईच्या काँग्रेसला आले. त्याच वर्षीं त्यांच्या सहकारिणी ॲनी बेझंट ह्या थिऑसफीकडे वळल्या. ब्रॅडलॉसाहेबांचें मत मात्र पालटलें नाहीं. ता. ३० जानेवारी १८९१ रोजीं त्यांचें निधन झालें. त्याच्या तीनच दिवस आधीं, त्यांस बंदी करणारा जुना ठराव कॉमन्स सभेनें आपल्या दप्तरांतून काढून टाकिला होता. त्यांच्या दफनाच्या वेळीं कायद्याचा अभ्यास करणारे तरुण मोहनदास गांधीही हजर होते.

मरणसमयीं नास्तिक घाबरून देवाकडे वळतात, अशा कथा सांगण्याची कित्येक उपदेशकांस हौस असते. ब्रॅडलॉसाहेबांविषयींही तशी कथा उठली. ती खोटी, हें त्यांच्या कन्येनें शुश्रूषा करणाऱ्यांच्या लेखी साक्षीवरून दाखविलें. जो प्रभु सत्य आहे, त्याचा पक्ष असत्यानें मांडूं नये.

तर मग तरुणांस आम्ही काय सांगावें? नास्तिकपणा हा धर्म नव्हे. त्यांत उपासना नाहीं, प्रार्थना नाहीं. त्याची भाषा तो धर्मापासूनच घेतो. पण कोणी पाहणारा नसला तरी खरेंच बोललें पाहिजे, ह्यासाठीं जो मनुष्य सहा वर्षें अपमान सोसतो, त्याच्या मनांत नुसता नकार नाहीं. तेथें एक विश्वास आहे. त्या विश्वासाचें मूळ मनुष्याच्या सुखांत आहे असें ते म्हणत. तें मूळ मनुष्याच्या विवेकांत बोलणाऱ्या देवांत आहे असें आम्ही म्हणतों. दोन्ही गोष्टी तराजूंत घालून तोलतां येत नाहींत. दोहोंवर जीवनच लावावें लागतें.

थोमानें शंका घेतली तेव्हां प्रभूनें त्यास हांकलून दिलें नाहीं. आपल्या जखमा पुढें केल्या. मंडळीच्या वडीलजनांनो, तुमच्या शब्बाथशाळेंतला मुलगा उद्यां दोन वचनें जुळत नाहींत म्हणून विचारावयास आला, तर त्यास जवळ बसवा. उत्तर येत नसेल, तर येत नाहीं असें सांगा, आणि त्याच्याबरोबर शोधा. पण त्याच्या पत्रास उत्तर देण्यापूर्वीं त्यास नांव ठेवूं नका.