सायकलच्या दुकानातून कारखान्याकडे



घरी मोटारसायकलचा टायर बदलताना तुम्ही पाहिले आहे का? आमच्या वेळापुरात सुट्टीच्या दिवशी अनेक अंगणांत हे काम चालते. अब्बा किंवा भाईजान गाडी मधल्या स्टँडवर उभी करतात. नट सोडवून चाक बाहेर काढतात. ट्यूबमधली सगळी हवा सोडतात. रिमचा मधला भाग खोलगट असतो. टायरची कड एका बाजूने पायाने दाबून त्या खोलगट भागात बसवली की समोरच्या बाजूची कड सैल होते. मग तेथे लोखंडी पट्टी घालून ती कड रिमच्या बाहेर घेता येते. हे ज्याला माहीत नसते, तो नुसता जोर लावत बसतो.

पुढचे कामही विचारानेच करावे लागते. टायरच्या आत बाभळीचा काटा राहिला असेल, तर तो शोधून काढला पाहिजे, नाहीतर नवी ट्यूबही पंक्चर होईल. नव्या टायरवर बाण असेल, तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती आत बसवावी, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. काढलेले नट आणि वॉशर ओळीने मांडून ठेवावे आणि उलट्या क्रमाने परत बसवावे. हात काळे होतात, पण चाक कसे बनले आहे हे कायमचे समजते.

आज मी तुम्हांला अशाच एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्यांनी आपले हात काळे होऊ दिले आणि त्यांतून एक मोठा कारखाना उभा केला. त्यांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. घरात धार्मिक ग्रंथांच्या अभ्यासाची परंपरा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्यांना दोन गोष्टींची आवड होती. एक चित्रे काढणे आणि दुसरी यंत्रे पाहणे. वडिलांना ही आवड पसंत नव्हती. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

दोन वर्षे झाली आणि एक अडचण लक्षात आली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. तो त्यांच्या डोळ्यांचा दोष होता. विचार करा, ज्याला चित्रकार व्हायचे आहे, त्याला रंगच ओळखता येऊ नयेत! दुसरा कोणी असता तर निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत. लागते ते अचूक माप आणि स्वच्छ रेषा. ते यंत्रचित्रकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षक झाले. कोणता भाग कोठे बसतो, कोणता आधी निघतो आणि कोणता नंतर, हे समजल्याशिवाय यंत्राची आकृती काढता येत नाही. शिकवता शिकवता ते स्वतःही यंत्रे शिकत गेले.

त्या काळी आपल्याकडे सायकल ही नवलाची वस्तू होती. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली आणि ते चालवायला शिकले. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्याचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकांना सायकल चालवायलाही शिकवीत.

योगायोग पाहा. त्याच १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत, म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली होती. सुरुवातीचे हे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झाले की दुरुस्तीला फार वेळ लागे. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी सायकलसाठी काढता-घालता येणारा टायर बनवला. अंगणात बसून टायर बदलणे आज सोपे वाटते, त्यामागे अशा अनेकांची मेहनत आहे.

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांच्या बढतीची वेळ आली. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. मी स्वतः शिक्षक आहे. दरमहा मिळणाऱ्या पगाराची किंमत मला माहीत आहे. म्हणून त्यांचा हा निर्णय किती धाडसाचा होता, हे मी जाणतो.

सायकलींवर ते थांबले नाहीत. आजूबाजूला शेतकरी होते. त्यांच्या गरजेची अवजारे आपणच का बनवू नयेत, असे त्यांना वाटले. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. नंतर लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करतो. त्याचा फाळ झिजला तर तेवढाच सोडवून नवा बसवता येतो. तरीही शेतकरी तो घ्यायला तयार होईनात. लोखंडाने जमिनीला विषबाधा होईल, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! लक्ष्मणरावांनी कोणाला नावे ठेवली नाहीत. ते धीराने थांबले. नांगराचे काम डोळ्यांनी पाहिल्यावर लोकांची भीती हळूहळू गेली.

जम बसत होता, तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. लक्ष्मणरावांना जागा सोडावी लागणार होती. यंत्रे, कामगार आणि संसार घेऊन जायचे कोठे? तेव्हा औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले.

ती जमीन कशी होती? ओसाड माळ, जिकडे तिकडे निवडुंग आणि साप. १९१० साली लक्ष्मणराव सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे आले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडले, घरे बांधली, कारखाना उभारला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

या वसाहतीत लक्ष्मणरावांनी शिवाशीव पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्याच हाती कारखाना सोपवला. बिघडलेले यंत्र ते फेकून देत नसत. माणसाच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती, असे मला वाटते.

किर्लोस्करांचे नांगर गावोगाव पोहोचले. पुढे कारखान्यात पाण्याचे पंपही तयार होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. सायकलचे दुकान ज्या रस्त्यावर होते, तो बेळगावातील रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

मित्रांनो, दुकान, कारखाना, कारागीर हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. हे शब्द आपल्या दोन्ही भाषांचे आहेत, तसेच हातांनी काम करण्याचा मानही आपणा सर्वांचा आहे. शिकलेल्या माणसाने पाना हातात धरू नये, असे काही लोक समजतात. लक्ष्मणराव शिकलेले होते, शिक्षकही होते. तरी त्यांना या कामाची लाज वाटली नाही.

आता पुढच्या सुट्टीत अंगणात टायर बदलत असतील, तेव्हा दूर उभे राहू नका. वडीलधाऱ्यांना विचारून जवळ बसा. नट-वॉशर ओळीने मांडण्याचे काम मागून घ्या. कोणता भाग आधी निघाला, ते वहीत लिहा आणि त्याची आकृती काढा. शेवटचा नट मात्र मोठ्यांनाच आवळू द्या. मग हात स्वच्छ धुऊन खुशाल अभ्यासाला बसा. तोही अभ्यासच होता, हे तुमच्या लक्षात येईल.