हर्सूलचे पाणी आणि मलिक अंबर

मुलांनो, पाणी नेहमी आपली पातळी गाठते हा नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. परीक्षेत लिहून गुणही मिळवले असतील. पण याच नियमाच्या बळावर एका मोठ्या शहराची तहान भागली, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ते शहर म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याआधी त्याचे नाव औरंगाबाद होते आणि त्याच्याही आधी खडकी. खडकी वसवणारा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता.

त्याचे नाव मलिक अंबर. इ.स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. खेळण्याबागडण्याच्या वयातच तो आईवडिलांपासून तुटला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने मात्र या मुलाची हुशारी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला व कारभार पाहायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले.

पुढे समुद्र ओलांडून तो दख्खनमध्ये आला. येथे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा मंगोल देशाचा चंगेजखान नव्हे बरे का! हा चंगेजखानही हबशीच होता आणि तोही कधीकाळी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले.

इ.स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. निजामशाही बुडाली असेच सर्वांना वाटले. पण मलिक अंबरने त्याच घराण्यातील मुर्तजाला गादीवर बसवले आणि राज्य सावरून धरले. डोंगरदऱ्यांचा आधार घेऊन तो मोगलांच्या मोठ्या फौजांवर अचानक छापे घालत असे. अनेक मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे भोसले त्यांपैकी एक होते. जहांगीर बादशहाला त्याचा एवढा संताप होता, की त्याने एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा मलिक अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर बाण मारत आहे. प्रत्यक्षात तो दिवस बादशहाला कधीच दिसला नाही.

या धामधुमीत, इ.स. १६१० मध्ये, त्याने खडकीला राजधानी वसवली. जागा चांगली होती. दौलताबादचा किल्ला जवळ होता. अडचण एकच होती, ती पाण्याची. खाम नदी पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात आटते. फौज, बाजार, मशिदी, घरे या सर्वांना बारमाही पाणी कोठून आणायचे?

उत्तर शहराच्या उत्तरेला होते, हर्सूलच्या बाजूला. तिकडची जमीन शहरापेक्षा उंच आहे. नदीचे पात्र वरून कोरडे दिसले, तरी त्याखाली पाणी झिरपत असते. मलिक अंबरने हर्सूलजवळ जमिनीच्या पोटात, माणूस चालू शकेल एवढा मोठा दगडी बोगदा बांधवला. त्याच्या दगडांच्या फटींतून पाणी झिरपून आत येई आणि उताराने शहराकडे वाहू लागे. बोगदा साफ करण्यासाठी वर जागोजागी विहिरींसारखी तोंडे ठेवली होती. शहराजवळ आल्यावर हे पाणी नळांतून हौदांत जाई. हीच नहर-ए-अंबरी. ना बैल, ना मोट, ना इंजिन! उतार फार झाला तर पाणी जोराने वाहून बांधकाम पोखरते; कमी झाला तर गाळ साचतो. त्या काळी एवढ्या लांबीचा उतार नेमका साधणे हे मला लढाई जिंकण्याइतकेच कठीण काम वाटते.

आता एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची सहा-सात हात लांब पारदर्शक नळी घ्या. तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक तुम्ही धरा, दुसरे मित्राच्या हातात द्या. नळीचा मधला भाग जमिनीवर लोळू द्या. दोन्ही टोके उघडी ठेवा. नळी कितीही वाकडी असली, तरी दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत उभे राहील. तुमच्या गल्लीत घर बांधणारा गवंडी अशाच नळीने भिंतींची पातळी जुळवतो. त्याला काम करताना जरूर पाहा. नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर तो आधी टिचक्या मारून बुडबुडा बाहेर काढतो, कारण हवा अडकली की पातळी चुकते.

शहरातील नहरांच्या वाटेवर उंच बांधीव खांब का दिसतात, हे आता तुमच्या लक्षात येईल. बंद नळातील पाणी त्या खांबात वर चढे, कोंडलेली हवा बाहेर जाई आणि नळावरील दाब कमी होई. मलिक अंबरनंतर शंभराहून अधिक वर्षांनी पाणचक्की झाली. तिच्यासाठीही दुरून नळांनी पाणी आणले. तेथे ते उंच भिंतीवर चढून हौदात कोसळते. पंप न लावता पाणी वर कसे चढले, हा प्रश्न सहलीला गेल्यावर आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. नहरीची तोंडे पाहायला मात्र एकटे जाऊ नका. काही ठिकाणी बांधकाम ढासळले आहे.

इ.स. १६१६ मध्ये मोगलांनी खडकी लुटली आणि जाळली. मलिक अंबर तेव्हा सत्तरीकडे झुकला होता. त्याने शहर पुन्हा उभे केले. इ.स. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल व विजापूर यांच्या एकत्र फौजांचा त्याने पराभव केला. त्या वेळी त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, असे सांगतात. दोन वर्षांनी, इ.स. १६२६ मध्ये, त्याचे निधन झाले.

त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळची लेणी पाहायला शाळेची सहल निघते, तेव्हा खुलताबाद वाटेतच लागते. तेथे थोडा वेळ गाडी थांबवायला सांगा.