लॅव्हेरान आणि मलेरियाचा जंतू

मलेरिया घाणेरड्या हवेनं होतो असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे! अल्फॉन्स लॅव्हेरान (1845–1922) हा फ्रेंच लष्करी डॉक्टर. अल्जेरियात तापानं मेलेल्यांची शवविच्छेदनं करताना त्याला रक्तात काळे कण दिसायचे. 1880 साली त्यानं एका जिवंत रुग्णाचं ताजं रक्त मायक्रोस्कोपखाली धरलं, तर जंतू चक्क वळवळत होते! सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना, पण गडी हटला नाही. 1907 चं नोबेल मिळालं, तर निम्मी रक्कम प्रयोगशाळेला देऊन टाकली.

मेंदूत मात्र काय घडतं, हे जिवंतपणी बघायला एमआरआय यावं लागलं. 2015 साली मलावीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या मलेरियानं दगावलेल्या 25 मुलांपैकी 21 जणांचा मेंदू प्रचंड सुजलेला होता. जंतू मारणारं औषध आहे. सूज उतरवणारा खात्रीचा उपाय अजून शोधायचाय!