रोझेटा थार्प

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, कापसाच्या मुलखात, कॉटन प्लँट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २० मार्च १९१५ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात रोझेटाचा जन्म झाला. तिची आई गावोगाव धर्मोपदेश करीत हिंडे, मँडोलिन वाजवी व भजने गाई. सहा वर्षांची रोझेटाही गिटार घेऊन आईशेजारी उभी राहू लागली. गिटार हे तेव्हा पुरुषांचे वाद्य समजले जाई. त्यामुळे या चिमुरडीचे वादन ऐकून लोक थक्क होत.

१९३८ साली रोझेटाबाई थार्प यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबातही त्या गाऊ लागल्या. जेथे रात्री मद्य व नृत्य चाले, तेथे देवाची गाणी न्यावीत हे त्यांच्या पंथातील अनेकांना रुचले नाही. त्यांचा राग समजण्यासारखा होता. परंतु रोझेटाबाईंनी ना भजन सोडले, ना रंगमंच. १९४४ साली त्यांनी गायिलेल्या एका भजनाचा ठेका इतका वेगवान होता आणि गिटार अशी झणकारली होती, की पुढे जगभर गाजलेल्या रॉक अँड रोल संगीताचा उगम कित्येक जाणकार त्या गाण्यात पाहतात.

एवढी कीर्ती मिळाली, तरी दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे होतेच. जिच्या गाण्यासाठी सभागृहे भरत, त्या गायिकेला हॉटेलात खोली मिळत नसे. रोझेटाबाई आपल्या बसगाडीतच झोपत.

१९४७ साली मेकन शहरी एका चौदा वर्षांच्या मुलाचे गाणे त्यांच्या कानी पडले. त्यांनी त्याला आपल्या कार्यक्रमात गावयास लावले आणि वर बिदागीही दिली. हाच मुलगा पुढे लिटल रिचर्ड या नावाने प्रसिद्ध झाला.

१९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडातील मँचेस्टर येथे एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात त्यांचे गायन झाले. एका फलाटावर कलावंत, समोरच्या फलाटावर श्रोते, मध्ये रूळ! पाऊस पडत होता. तो पाहून बाईंनी ठरलेले गाणे बाजूस ठेवले आणि नोहाच्या वेळच्या महापुराचे भजन सुरू केले.

पुढे मधुमेहामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. तरीही त्या गात राहिल्या. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. २००८ साली चाहत्यांनी जलसा करून निधी जमविला, तेव्हा कोठे तेथे शिला बसली. रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव २०१८ साली नोंदले गेले. मेकनचा तो मुलगा तेथे १९८६ सालीच जाऊन पोहोचला होता.