विद्यापीठातून काढलेले हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओच्या डोसमुळे आपल्याकडे घरोघरी पोचले. ज्यांच्यावरून ते पडले, ते वाल्डेमार हाफकिन मात्र डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, आणि तेही शिक्षण पोलिसांच्या नजरेखाली, अटकांच्या मधल्या काळात झालेले.

१८६० साली झारच्या रशियात, ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तिथल्याच विद्यापीठात इल्या मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. झारविरोधी चळवळीत हाफकिन ओढले गेले. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. वस्ती राखायला उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. जखमी झाले, वर अटकही. मेचनिकॉफांनी रदबदली केली म्हणून सुटले. पुढे सरकारी जाचाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना काढूनच टाकले. कालांतराने पदवी पदरात पडली, पण प्राध्यापक व्हायचे तर ख्रिस्ती व्हा, ही अट त्यांनी मानली नाही. १८८८ मध्ये देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जागा मिळाली ती ग्रंथालयात. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली, पुढची पडवी आणि हाताखाली तीन-चार माणसे मिळाली. बकऱ्याच्या मांसाच्या रश्शावर त्यांनी चक्क तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे, म्हणजे लस तयार. जंतू मेलेला, तरी शरीर त्याला ओळखायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. नंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली गेली. गाव सोडून रानात झोपड्या घालणे, एवढाच उपाय तोवर आपल्याकडच्या खेड्यांना ठाऊक होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर फुटले आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. खरे तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली आठवड्यांपूर्वी परळलाच दूषित झाली असती, तर उघडताच दुर्गंधी आली असती. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली. एवढा साधा पुरावा पटायला सरकारला १९०७ उजाडले. परदेशी, ज्यू आणि वैद्यकीय पदवी नसलेला माणूस दोषी ठरवणे सोपे गेले असणार.

निर्दोष ठरल्यावर ते भारतात परतले, पण मुंबईत नव्हे, कलकत्त्याला. १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन युरोपात गेले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.