४१ दिवस दिसून हरवलेला सेरेस गॉसनं कागदावर कसा शोधला?

१ जानेवारी १८०१ ची रात्र. सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात खगोलशास्त्रज्ञ जुझेप्पे पियाझी ताऱ्यांची यादी करत होते. त्यात त्यांना एक अनोळखी ठिपका दिसला. पुढच्या रात्री बघतात तर तो जागेवरून सरकलेला.

तारे असे सरकत नाहीत. पियाझींनी ११ फेब्रुवारीपर्यंत त्याच्या नोंदी ठेवल्या. मग ते आजारी पडले आणि ठिपका सूर्याच्या झगमगाटात गेला. त्याला नाव मिळालं सेरेस, पण तो परत कुठे दिसणार हे कोणालाच सांगता येईना.

कारण हातात होता ४१ दिवसांचा, आकाशातला जेमतेम ३ अंशांचा तुकडा. आणि तोही स्वतः फिरणाऱ्या पृथ्वीवरून टिपलेला!

इथे एंट्री होते कार्ल फ्रीडरिख गॉस यांची. वय २४. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये गवंडीकाम, बागकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. पोराची हुशारी बघून तिथल्या ड्यूकनं शिक्षणाचा खर्च उचलला होता. पण ड्यूकच्या पैशांवर किती दिवस काढणार?

आता गणित बघा. ग्रहाची कक्षा सांगायला ६ आकडे लागतात. ती किती मोठी, किती लांबट, किती कललेली, ग्रह त्यावर नेमका कुठे, वगैरे. नोंदीत सेरेसचं अंतर नव्हतं, फक्त दिशा होती. एका दिशेचे दोन आकडे, म्हणजे तीन नोंदींचे सहा. गॉसनं नेमक्या तीन नोंदींवरून कक्षा बांधली. मग त्या कक्षेनुसार बाकीच्या रात्री सेरेस कुठे दिसायला हवा होता ते काढलं, प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघितलं आणि आकडे सुधारत नेले.

त्यानं सांगितलेली जागा इतरांच्या अंदाजांपेक्षा बरीच वेगळी होती. ७ डिसेंबरला फॉन झाख यांना त्याच भागात एक संशयास्पद ठिपका दिसला. ३१ डिसेंबरला खात्री पटली, तो सेरेसच होता. दुसऱ्या दिवशी ओल्बर्स यांनाही तो सापडला.

गॉस युरोपभर गाजला. १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढताना जखमी होऊन ड्यूक वारला, तेव्हा हीच प्रसिद्धी कामी आली. १८०७ मध्ये गॉस ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा संचालक झाला आणि १८५५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. प्रत्येक नोंदीतल्या चुकीचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असे आकडे निवडायचे, याला लघुतम वर्ग पद्धत म्हणतात. वर्ग केल्यानं अधिक-उणे चुका एकमेकींना खाऊन टाकत नाहीत. फ्रान्सच्या लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये छापली. १८०९ च्या पुस्तकात गॉसनं लिहिलं की आपण ती १७९५ पासूनच वापरतोय. लजांद्र भडकले, आणि त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. गॉसला शोध वहीत दाबून ठेवायची खोडच होती.

पुढे १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मान यांनी दर नव्या नोंदीसरशी अंदाज सुधारत नेणारी पद्धत मांडली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना आपण नेमके कुठे आहोत हे कळायचं, ते तिच्याच आधारानं.