एका खेळाडूसाठी क्लब मोडणारा फुटबॉलपटू

कोलकात्याचे फुटबॉल म्हटले की आपल्याकडील क्रीडारसिकाला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही दोन नावे आठवतात. थोडा अधिक जाणकार असेल तर आयएफए शिल्डची १९११ ची अंतिम लढतही आठवते. परंतु त्या लढतीच्या कितीतरी आधी बंगाली तरुणांना या खेळाचे वेड लावणारे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी महाराष्ट्रात फारसे परिचित नाहीत. बंगालमध्ये त्यांना भारतीय फुटबॉलचे जनक मानले जाते. त्यांचा सर्वांत मोठा निर्णय मात्र मैदानाबाहेरचा होता.

२७ ऑगस्ट १८६९ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. वडील सूर्यकुमार सर्वाधिकारी हे नामांकित शल्यचिकित्सक. बंधू देवप्रसाद पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा घरातील मुलाने पुस्तकात डोके घालून बसावे, हीच सर्वांची अपेक्षा असणार. पण आठ-दहा वर्षांचा असताना आईबरोबर गंगास्नानाला जाताना नगेंद्रप्रसादने मैदानावर गोरे सैनिक चेंडू खेळताना पाहिले. चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला आणि त्याने तो लाथेने परत धाडला. भारतीयाने फुटबॉलला मारलेली ही पहिली लाथ, असे बंगालमध्ये अभिमानाने सांगितले जाते. आख्यायिकेला काळाने थोडीफार झिलई चढवली असेलही, पण मुलाला त्या चेंडूने झपाटले, हे पुढील इतिहास सांगतो.

हेअर स्कूलमधील सवंगड्यांनी वर्गणी काढून चेंडू विकत आणला. तो निघाला रग्बीचा! लंबगोल चेंडूशी चाललेली पोरांची झटापट पाहून प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी त्यांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळाचे नियमही समजावले. मग एकामागून एक क्लब निघू लागले. बॉइज क्लब, फ्रेंड्स क्लब, वेलिंग्टन क्लब... नगेंद्रप्रसाद हे त्यांचे संस्थापक, संघटक आणि आघाडीचे खेळाडूही.

बंगाली माणूस म्हणजे लेखणी खरडणारा, अंगाने दुबळा बाबू, अशी हेटाळणी त्या काळी इंग्रज अधिकारी उघडपणे करीत. ती खोटी ठरविण्यासाठी आखाडे निघाले, व्यायामशाळा निघाल्या. फुटबॉलची गोष्ट निराळी होती. तेथे साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी हरविण्याची संधी होती.

परंतु साहेबाशी बरोबरी करू पाहणारी ही मंडळी आपापसांत समान नव्हती. वेलिंग्टन क्लबमध्ये नगेंद्रप्रसादांनी मणी दास या गुणी खेळाडूला आणण्याचे ठरविले. मणी कुंभाराचा मुलगा. क्लबातील उच्चवर्णीय सभासदांनी त्याला प्रवेश देण्यास विरोध केला. कुंभाराने घडविलेल्या दुर्गेपुढे दरवर्षी हात जोडणाऱ्या या शहरात त्याच्या मुलाबरोबर चेंडू खेळणे मात्र त्यांना कमीपणाचे वाटले. नगेंद्रप्रसादांना गप्प बसता आले असते किंवा स्वतः राजीनामा देऊन बाजूला होता आले असते. त्यांनी या दोन्ही वाटा सोडून क्लबच मोडला. स्वतःच्या हातांनी उभारलेली, शहरात नाव मिळविलेली संस्था एका खेळाडूसाठी विसर्जित केली. त्यानंतर त्यांनी शोभाबाजार क्लब उभारला आणि त्याचा पहिला सभासद म्हणून मणी दासचे नाव नोंदविले.

हे सारे १८८० च्या दशकातले. त्यानंतर काही वर्षांनी आपल्या पुण्यात पळवणकर बाळूंना हिंदू संघात घ्यावे की नाही, यावर खल झाला. त्यांची गोलंदाजी संघाला हवी होती, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. हे लक्षात घेतले म्हणजे नगेंद्रप्रसादांच्या निर्णयाचे वजन कळते.

नव्या क्लबला शोभाबाजारच्या देव राजघराण्याचा आश्रय लाभला. नगेंद्रप्रसाद या घराण्याचे जावई. कलकत्त्यातील व्यापाऱ्यांच्या पैशांतून १८८९ मध्ये ट्रेड्स कप स्पर्धा सुरू झाली होती. १८९२ मध्ये याच स्पर्धेत शोभाबाजारने ईस्ट सरे रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. भारतीय संघाने मोठ्या स्पर्धेत ब्रिटिश संघाला नमविण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी इंडियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या उभारणीस नगेंद्रप्रसादांचा हातभार लागला, आणि पहिल्या आयएफए शिल्डमध्ये उतरलेला एकमेव भारतीय संघ होता शोभाबाजारचाच.

यानंतरचे श्रेय इतरांच्या वाट्याला गेले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून शिल्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. योगायोग असा, की गोलफलक १८९२ चाच, २-१. त्या विजयाने बंगालच नव्हे, देश हरखला. एकोणीस वर्षांपूर्वीच्या विजयाची आठवण त्या जल्लोषात मागे पडली.

नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी १७ जानेवारी १९४० रोजी निवर्तले. २०२१ मध्ये त्यांच्यावर 'गोलंदाज' हा बंगाली चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. चित्रपटाचे नाव मराठी वाचकाला फसवे वाटेल, पण बंगालीत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा तोफची.